व्ही.पी.नं आलेला रामबाण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काळाबोळ, सुंठ आणि साबण. यातल्या पहिल्या दोन वस्तू जळगावात किंवा धुळ्यात काष्ठौषधींच्या कुठल्याही दुकानात मिळतात, तिसरी तर गल्लीच्या टोकाला मिळते. या तिघांची गोळी वळून एका माणसानं इंग्लंडात इतका पैसा केला, की पुढे त्याचा नातू घरच्या पैशांवर ऑपेराच्या मंडळ्या चालवायचा. सर थॉमस बीचम म्हणून तो नातू संगीताच्या जगात मोठा झाला. आजोबांचंही नाव थॉमस बीचमच. त्यांचा जन्म १८२० चा. लहानपणी मेंढ्या राखल्या, जडीबुटी ओळखायला शिकले, मग बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहून गोळ्या विकू लागले. पुढे कारखाना झाला, आणि जगभर जाहिरात झाली : ‘बीचमच्या गोळ्या, एका डबीचं मोल एक गिनी.’

गिनी म्हणजे २१ शिलिंग. डबी मिळायची १ शिलिंग दीड पेन्सला, म्हणजे साडेतेरा पेन्सला. गिऱ्हाइकाला वाटावं, किती स्वस्तात मिळालं! १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं अशा गुप्त औषधांची रासायनिक तपासणी करून एक पुस्तक काढलं, ‘सीक्रेट रेमेडीज’. त्यात हिशेब निघाला : डबीतल्या छप्पन्न गोळ्यांमध्ये काळाबोळ, सुंठ आणि साबण, आणि या सगळ्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. म्हणजे माल पेनीच्या आठव्या भागाचा आणि विक्री साडेतेरा पेन्सला. शंभरपटीच्या वर. आमच्याकडे शनिवारच्या बाजारातला भाजीवालासुद्धा इतका नफा मनात आणायला लाजेल.

गोळीनं पोट साफ व्हायचं, हे मात्र खरं. काळाबोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस, तो पोट साफ करणारच. पण जाहिरातीत डोकेदुखी होती, चक्कर होती, भूक न लागणं, झोप न लागणं, मन उदास असणं, सगळं होतं. मला या सगळ्या प्रकारात हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. डबीतला माल बहुतेक वेळा खराच असायचा. डबीवरची रोगांची यादी खोटी असायची.

या औषधांना ‘पेटंट औषधं’ म्हणत. शब्द मोठा फसवा आहे. पेटंट घ्यायचं तर आपली कृती सरकारदरबारी उघडी करावी लागते. या मंडळींना नेमकं तेच नको होतं. त्यामुळे बहुतेक पेटंट औषधांना पेटंट नव्हतंच. कृती गुप्त आणि नाव मात्र नोंदवलेलं. त्यातही एक गंमत आहे. इंग्लंडात १७८३ पासून अशा औषधांवर कर होता आणि कर भरल्याची सरकारी पट्टी बाटलीला चिकटवावी लागे. सरकारच्या लेखी ती कराची पावती. घेणाऱ्याला वाटे, औषध सरकारनं तपासून मंजूर केलंय. विक्रेत्यानं ही गैरसमजूत दूर केली नाही, उलट ‘सरकारी शिक्का पाहूनच घ्या’ असं छापलं. तो कर १९४१ पर्यंत होता.

आता हे सगळं व्हिक्टोरिया राणीच्या देशातलं. ते आपल्या खानदेशात कसं आलं?

आधी खानदेश कसा होता ते आठवू या. १९०६ पर्यंत पूर्व आणि पश्चिम असा भेद नव्हता. एकच भला मोठा जिल्हा, धुळे हे त्याचं मुख्य ठाणं. उत्तरेला सातपुडा, मधून तापी, आणि पावसाळा सरला की घराघरात हिवताप. १८२५ साली जेम्स औट्रमनं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, त्या काळापासून इथे आलेल्या गोऱ्या अंमलदारांना लढाईइतकीच या तापाची धास्ती असे. डास हा त्यामागचा गुन्हेगार आहे, हे रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादेत दाखवलं ते १८९७ साली. तोवर सगळे हवेला दोष द्यायचे. पटकी आली की मरीमायचा गाडा गावाच्या शिवेबाहेर ढकलायचा. दवाखाना म्हणाल तर धुळ्याला, नाहीतर तालुक्याच्या गावी एखादा. बैलगाडीनं तिथे पोचेपर्यंत माणूस एकतर बरा झालेला असायचा, नाहीतर गेलेला.

अशा मुलखात १८६० च्या दशकात रेल्वे आली. जळगाव-भुसावळ मुंबईला जोडलं गेलं. १८७७ साली टपाल खात्यानं व्ही.पी. सुरू केली, म्हणजे माल पोस्टमन घेऊन येणार आणि पैसे त्याच्याच हातात द्यायचे. १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. रेल्वे, व्ही.पी. आणि पोस्टकार्ड या तिघांनी मिळून जे केलं ते कुठल्याही वैद्याला किंवा हकिमाला जमलेलं नव्हतं. गिरगावातली किंवा जामनगरची बाटली यावल-रावेरच्या ओसरीवर येऊन उभी राहिली.

साहेबलोकांच्या पेटीत असायचं क्लोरोडाईन. जॉन कॉलिस ब्राऊन नावाच्या लष्करी डॉक्टरनं ते १८४८ साली हिंदुस्थानातच, पटकीवर इलाज म्हणून बनवलं. त्यात अफूचा अंश, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. हगवण थांबायची, कळ थांबायची, गाढ झोप लागायची. गुण खरोखर यायचा, तिथेच घात होता. खोकला, दमा, निद्रानाश अशा सगळ्यावर ते घेतलं जाऊ लागलं आणि लोकांना त्याची चटक लागली. अमेरिकेतून पेरी डेव्हिसचं ‘पेन किलर’ मिशनऱ्यांच्या सामानातून आलं. होलोवेच्या गोळ्या आणि मलम आलं. या थॉमस होलोवेनं जाहिरातीवर एवढा खर्च केला, की त्याच्या शेवटच्या वर्षांत तो आकडा वर्षाला ५०,००० पौंडांच्या घरात गेला. उरलेल्या पैशातून त्यानं स्त्रियांसाठी कॉलेज बांधलं. १८८६ साली त्याचं उद्घाटन खुद्द राणीनं केलं. गोळ्यांनी कुणाचं किती भलं झालं ते सोडा, मुली शिकल्या हे नक्की.

आपली माणसंही मागे राहिली नाहीत, आणि सगळ्यांना एका मापानं मोजू नये. पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली धूतपापेश्वर काढलं ते आयुर्वेदाची औषधं शास्त्राबरहुकूम करण्यासाठी. मुंबईत वरळीच्या डॉ. बाटलीवालांचं तापावरचं मिक्श्चर होतं. बाटली विकणाऱ्याचं आडनावच बाटलीवाला असावं, याहून मोठा योग कुठला! काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू गृहस्थांनी १८९३ साली मुंबईतच अमृतांजन सुरू केलं आणि गाण्याच्या बैठकींना त्याच्या डब्या फुकट वाटल्या. लाहोरला पंडित ठाकुरदत्त शर्मांनी १९०१ साली अमृतधारा काढली. तिचा खप इतका, की तिच्या नावाचं पोस्ट ऑफिस झालं. गिरगावच्या डोंगरे कंपनीचं बालामृत तर मराठी मासिकांच्या पानोपानी असायचं. आणि जामनगरचे वैद्यशास्त्री मणिशंकर गोविंदजी, त्यांच्या गोळ्यांचं नाव ‘आतंकनिग्रह’. संस्कृतात आतंक म्हणजे रोग. आज या नावाची जाहिरात कुणी दिली, तर लोक औषधाच्या दुकानात जाण्याआधी पोलीस ठाण्यात चौकशी करतील.

माझे आजोबा, आम्ही त्यांना दादाअब्बा म्हणायचो, चोपड्याला अत्तारीचं दुकान चालवायचे. अत्तारी म्हणजे नुसतं अत्तर नव्हे. भिंतभर लाकडी खण, आणि प्रत्येक खणात एकेक वस्तू : गुलबनफशा, गावजबान, उन्नाब, सोनामुखी, बाळहिरडा, ज्येष्ठमध. वैद्याची चिठ्ठीही तिथेच यायची आणि हकिमाची चिठ्ठीही. दोघांची भाषा वेगळी, पण खण एकच. गिऱ्हाईक व्ही.पी.नं आलेली बाटली घेऊन यायचं आणि विचारायचं, ‘चाचा, हे घेऊ का?’ दादाअब्बा बूच काढून वास घ्यायचे, थेंबभर जिभेला लावायचे आणि बोटानं खण दाखवायचे. हा, हा आणि तो. अमृतधारेचं गुपित तर त्यांना पाठ होतं. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल, तिन्ही कोरडे खडे एका शिशीत घालून ठेवायचे. न पाणी, न विस्तव. थोड्या वेळानं आपोआप त्याचं पाणी होतं. लहानपणी ती शिशी हातात धरून मी ते पाणी होताना पाहत बसायचो. जादू म्हणून दाखवली असती तर पैसे मिळाले असते. ते पाणी खरोखर गुणाचं आहे. पोट दुखलं, मळमळलं, डोकं धरलं, तर बरं वाटतं. पण प्लेगवर ते चालत नाही, आणि त्या काळी चालतं असं म्हणणाऱ्या बाटल्या होत्या.

हे सांगून दादाअब्बा तीच वस्तू दोन आण्यांत बांधून देत. तरी लोक पुढच्या वेळी व्ही.पी.च मागवत. ते चिडायचे नाहीत. म्हणायचे, ‘माझ्या पुडीवर काही लिहिलेलं नसतं ना.’

खरी गोष्ट तीच. त्या काळातलं एक औषध सोळा आणे खरं होतं, क्विनाइन. १८२० साली पॅरिसमध्ये ते सिंकोनाच्या सालीतून वेगळं काढलं गेलं. १८९२ पासून आधी बंगालात आणि मग इतर इलाख्यांत पोस्टातून पैशाला पुडी असं ते विकायची सोय सरकारनं केली. हिवतापानं फणफणणाऱ्या मुलखाला याहून मोठं दान नव्हतं. पण ती पुडी कडूजहर, घेतली की कानात घूं घूं होणार, आणि तिच्यावर वचन एकच : हिवताप. शेजारी बाटली उभी. तिच्यावर बाळकृष्णाचं चित्र, सोनेरी अक्षरं, दहा पदकं आणि वीस रोग. सांगा, ताप उतरेल की नाही याची खात्री नसलेला माणूस हात कुणाकडे नेईल?

मी कवी आहे, त्यामुळे या बाटल्यांवरच्या शब्दांशी माझं थोडं भांडण आहे आणि थोडी भाऊबंदकी. विशेषणांचा खण आम्ही दोघंही वापरतो. अमृत, संजीवनी, रामबाण, सुधा हे शब्द आपल्या संतांनी आणि कथेकऱ्यांनी शेकडो वर्षं जपून वापरले. जाहिरातवाल्यांनी ते पन्नास वर्षांत इतके खर्चले, की आज कवितेत ‘अमृत’ लिहिताना माझा हात अडतो; वाटतं, वाचणारा मनात बूच उघडेल. ही उधळपट्टी एकट्या संस्कृताची झाली नाही. अरबीत ‘अल्-इक्सीर’ म्हणजे हलक्या धातूचं सोनं करणारं द्रव्य. तो शब्द युरोपात गेला, ‘एलिक्सिर’ झाला आणि इंग्रजी बाटलीवर बसून परत आला. आपण मराठीत ‘अक्सीर इलाज’ म्हणतो तो त्याच घराण्यातला. ‘शराब’ म्हणजे अरबीत नुसतं पेय. त्याच मुळातून आपलं सरबत आणि इंग्रजांचं सिरप. सगळ्यात गोड गोष्ट जुलाबाची. फारसी गुलाब म्हणजे गुलाबपाणी. अरबीत त्याचं जुलाब झालं. इंग्रजीत जाऊन ते ‘ज्यूलेप’ नावाचं सुगंधी पेय झालं, आणि मराठीत आलं ते काय होऊन आलं, ते आपल्याला माहीत आहेच. व्हिक्टोरियाच्या काळातल्या बहुतेक गोळ्या अखेर जुलाबाच्याच होत्या, तेव्हा मराठीनंच त्या शब्दाला न्याय दिला म्हणायचा.

हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण आता जे सांगायचंय त्यात हसण्यासारखं काही नाही.

या बाटल्यांचं सर्वांत हुकमी गिऱ्हाईक होतं रडणारं मूल. म्हणजे खरं तर त्याची आई. इंग्लंडच्या पूर्वेला दलदलीच्या मुलखात आपल्यासारखाच हिवताप असायचा. तिथल्या शेतमजूर बाया आणि गिरण्यांच्या गावांतल्या कामकरी बाया कामावर जाताना मुलाला ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ पाजायच्या. गोड पाकात अफू. मूल दिवसभर निजायचं. काही मुलं उठायचीच नाहीत. मुंबईत तेच काम बाळगोळी करायची. गिरणीकामगार बायांच्या मुलांची पाहणी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरनं केली तेव्हा, १९२२ साली, शंभरातल्या ९८ मुलांना अफू दिली जाते असं आढळलं. कामगारांविषयीच्या व्हिटली आयोगाच्या १९३१ च्या अहवालातही हा विषय आहे. शिक्षा करा, विक्री बंद करा, असं पुष्कळांनी म्हटलं. मुलाला ठेवायचं कुठे, हे बायांना सांगणारे त्या मानानं थोडे होते.

खानदेशाला हे दूरचं नव्हतं. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्या-शिरपुरावरून माळव्यात जातो, आणि माळवा म्हणजे अफूचं माहेर. माझी दादी सांगायची, कापूस वेचायला जाताना बाया तिळाएवढी अफू बोटावर घेऊन मुलाच्या टाळूला लावायच्या आणि बांधावर बाभळीला झोळी टांगायच्या. तिला हे सांगताना लाज नव्हती आणि अभिमानही नव्हता. ती म्हणायची, ‘मजुरी मणावर होती. रडणाऱ्याला घेऊन मण भरत नाही.’

आपल्याकडे घरोघरी गेलेलं ग्राइप वॉटर त्याच इंग्रजी दलदलीतून निघालं. विल्यम वुडवर्ड नावाच्या नॉटिंगहॅमच्या औषधवाल्यानं १८५१ मध्ये ते काढलं. तिथल्या हिवतापाच्या औषधानं मुलांची पोटंही शांत होतात, असं त्याच्या ध्यानात आलं होतं. त्यानं सोडा, शेपाचं तेल, साखर आणि थोडा अल्कोहोल घालून पाणी बनवलं. पुढे अल्कोहोल काढला गेला. शेपा आणि सोडा आपल्या आज्याही द्यायच्या, त्याबद्दल तक्रार नाही. आणि बाळगोळीच्या मानानं हे पाणी म्हणजे पुण्यकर्मच म्हणायचं.

हे सगळं जुनं झालं, असं म्हणायची सोय मात्र नाही. १९३७ साली अमेरिकेत ‘एलिक्सिर सल्फानिलामाइड’ या गोड औषधानं शंभराहून अधिक माणसं दगावली. त्यात मुलं पुष्कळ. औषध विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल हे विष वापरलं होतं. त्या वेळच्या कायद्यात विष घातल्याबद्दल कंपनीला धरता येईना. धरलं ते शब्दावरून : ‘एलिक्सिर’ म्हटलं तर त्यात अल्कोहोल हवा, तो नव्हता, म्हणून लेबल खोटं! वर्षभरात कायदा बदलला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली त्याच विषानं भेसळलेल्या ग्लिसरीननं १४ रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या सिरपनं वीसहून अधिक लहान मुलं गेली. पुन्हा तेच विष. कित्येकांना इलाजासाठी नागपूरला आणलं होतं. या वेळी औषध चौकातल्या भोंदूनं विकलेलं नव्हतं. बाटलीवर घटक होते, परवान्याचा नंबर होता. कराच्या पट्टीवर विश्वास ठेवणारी ती इंग्रज बाई आणि ही छिंदवाड्याची आई, दोघींनी लेबल बघूनच चमचा भरला होता.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० साली आला. १९५४ साली खास जाहिरातींसाठी आला : ‘औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम’. त्याला जोडलेल्या यादीत ५४ रोग आहेत. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अर्धांगवायू वगैरे. आम्ही हे बरे करतो अशी जाहिरात केली की गुन्हा. या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत हमदर्द दवाखाना होता. ज्यांचं रूह अफजा आमच्या इफ्तारीला असतं, तेच. त्यांचं म्हणणं, जाहिरात हेही आमचं भाषणस्वातंत्र्यच आहे. डिसेंबर १९५९ मध्ये न्यायालयानं ते मानलं नाही. कायद्यातले काही शब्द आणि एक तरतूद रद्द केली, पण मुख्य कायदा ठेवला. धंद्यासाठी औषधाची भलामण करणं म्हणजे विचार मांडणं नव्हे, असं त्या निकालाचं सार. सरबत मी आजही आवडीनं पितो, आणि निकालही मला पटतो.

अगदी अलीकडे, २०२४ च्या एप्रिलमध्ये, पतंजलीला याच प्रकारच्या जाहिरातींबद्दल वर्तमानपत्रांत माफीनामा छापावा लागला. तेव्हा न्यायमूर्तींनी विचारलं, माफीनाम्याचा आकार तुमच्या जाहिरातीएवढा आहे का? लगेच मोठा माफीनामा छापून आला. जाहिरातीच्या इतिहासात इतका नेमका प्रश्न क्वचितच कुणी विचारला असेल.

पण कायदा तोंड बंद करतो. या धंद्याला कानही होता, त्याचं काय, हे कायद्यात कुठे येत नाही. अमेरिकेत लिडिया पिंकहॅम नावाच्या बाईनं १८७५ च्या सुमाराला बायकांच्या दुखण्यांसाठी एक काढा विकायला सुरुवात केली. त्यात दारूचा अंश चांगलाच होता. बाटलीवर तिचा मायाळू चेहरा असायचा. बायकांना सांगितलेलं : डॉक्टर पुरुष असतो, त्याला काय कळणार, तुम्ही मला पत्र लिहा. हजारो बायकांनी लिहिलं. ती १८८३ साली वारली तरी ‘पिंकहॅमबाईंना लिहा’ ही जाहिरात चालूच राहिली, आणि उत्तरंही येत राहिली. १९०५ साली एका मासिकानं तिच्या थडग्याचा फोटो छापला तेव्हा लोकांना कळलं की आपण कुणाला लिहीत होतो.

आपल्या जाहिरातींच्या तळाशीही तेच असायचं : लक्षणं सविस्तर लिहा, पत्रव्यवहार गुप्त राहील. मी सातवी-आठवीत असताना, म्हणजे १९८० नंतर, आमच्या जळगावच्या गल्लीत अशी पत्रं लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर बरं होतं. मला आठवतात जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या एक मावशी. कापसाची तूस छातीत जाऊन जाऊन त्यांना खोकला लागलेला. दवाखान्यात गेल्या होत्या; तिथे नाव विचारलं, ‘किती दिवस?’ विचारलं आणि पुढच्याला हाक मारली. त्यांनी मला पोस्टकार्ड आणून दिलं. खोकला, धाप, रात्री झोप नाही, इथवर मी लिहिलं. मग त्या म्हणाल्या, लिही, पोरगा सुरतेला गेला, दोन वर्षं झाली, चिठ्ठी नाही. मी म्हटलं, मावशी, हे औषधाच्या कंपनीला कशाला? त्या म्हणाल्या, त्यांनीच सांगितलंय ना, सगळं लिहा म्हणून. कार्ड संपलं. मी कडेकडेनं बारीक अक्षरात लिहिलं.

पंधरा दिवसांनी छापील चिठ्ठी आली. आपल्या पत्रातील सर्व तक्रारींचा विचार करून तीन बाटल्या पाठवीत आहोत. छापील मजकुरात नावाची जागा कोरी होती, तिथे शाईनं मावशींचं नाव लिहिलेलं. त्यांनी मला ते नाव दोनदा वाचायला लावलं. मागोमाग पोस्टात व्ही.पी. आली. सोडवायला पैसे नव्हते. ती परत गेली. चिठ्ठी त्यांनी तांदळाच्या डब्यात जपून ठेवली.

पुढच्या रविवारी त्या नवं पोस्टकार्ड घेऊन माझ्यासमोर बसल्या. ‘औसद नको म्हनीसन लिख,’ त्या म्हणाल्या, ‘पन खोकला आजून शे, ते बी लिख.’